तेवीस नंबरची पाटी

शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दहावीचे फॉर्म क्रमाने लावत होते. फोनवर वडोदऱ्याच्या त्याच्या संस्थेतला कोणी गृहस्थ होता. तो आधी दोन मिनिटं ‘फार मोठी हानी’, ‘एक संवेदनशील नजर हरपली’ असं बोलत राहिला आणि कोण गेलं हे सांगायचं विसरला. मी म्हटलं, नाव सांगा. मग तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, शरद. कावीळ झाली होती. तीन आठवडे त्याने अंगावर काढली. जन्मभर रंगांवर बोलून पोट भरणारा माणूस, पण स्वतःचे डोळे पिवळे पडलेले त्याला दिसले नाहीत. शेजारच्या बाईने सांगितलं तेव्हा तो दवाखान्यात गेला, आणि तोवर उशीर झाला होता. वय चौतीस. मी राहिलेले फॉर्म लावले, गठ्ठ्याला दोरी बांधली, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि काकांकडे, म्हणजे शरदच्या वडिलांकडे, निघाले. ही बातमी त्यांना कोणीतरी सांगायला हवी होती, आणि आमच्या घरात असली कामं माझ्याकडे येतात.

पंधरा दिवसांनी वडोदऱ्याला शोकसभा झाली. काकांना प्रवास झेपणार नव्हता म्हणून मी एकटी गेले. अकरा जण बोलले. त्यांतल्या नऊ जणांनी ‘दृष्टी’ हा शब्द वापरला आणि एकानेही शरदला वडील आहेत, ते सुरतेत लिंबायतला दोन खोल्यांत राहतात, याचा उल्लेख केला नाही. खांद्याला झोळ्या, अंगात चुरगळलेले झब्बे. एक बाई म्हणाल्या की शरदने आम्हाला पाहायला शिकवलं. पन्नाशीच्या बाई, चष्मा लावलेल्या. इतकी वर्षं काय डोळे मिटून चालत होत्या? शेवटी एकाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, त्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे तेवढं सांगा, मला सामान आवरायचं आहे. सभेला ते आवडलं नाही. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांना मात्र हा प्रसंग कोणीतरी सांगितला असावा, कारण त्यांनी मला शरदवर लिहायला सांगितलं. मी आधी नाही म्हटलं होतं. नंतर का हो म्हटलं ते पुढे येईल.

शरद माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आमचं गाव खानदेशात अमळनेरजवळ. माझे वडील आणि काका एकाच वर्षी सुरतेला आले. वडील मागावर बसले, काकांचा हात चांगला म्हणून ते नक्षाच्या कामात गेले. नक्षा म्हणजे जेकार्डच्या मागावर साडीचा पदर किंवा काठ विणायचा तर आधी चौकटींच्या कागदावर त्याचं जे चित्र भरतात ते. एक चौकट म्हणजे एक धागा. कागद पाहून पंचवाला पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतो, ती कार्डं मागावर चढतात आणि कापड निघतं. काका जमिनीवर मांडी घालून, उतरत्या फळीवर कागद ठेवून, सकाळी सातपासून उजेड असेतो चौकटी भरत. तीस वर्षं. रस्त्याने चालताना पुढच्या बाईच्या पदरावर त्यांची नजर जाई आणि ते थांबत. काकी होती तेव्हा ती म्हणायची, यांच्यासोबत बाजारात जायची लाज वाटते, लोकांना काय वाटेल? काका म्हणत, माझी कोयरी आहे ती, मी नाही बघायची तर कोणी बघायची?

या धंद्यात एक रीत आहे आणि ती शरदला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होती. एका पार्टीसाठी, म्हणजे गिऱ्हाईक शेठसाठी, काढलेला नक्षा दुसऱ्या पार्टीच्या नजरेस पडता कामा नये. कागदावर नाव टाकायचं नाही, मागच्या बाजूला फक्त आपल्याला कळेल अशी खूण. दारात कोणी आलं की आधी फळीवर कापड ओढायचं, मग ‘या, बसा’ म्हणायचं. सुरतेत नक्षा सकाळी दिसला तर पंधरा दिवसांत त्याची साडी दुसऱ्याच्या दुकानात लटकते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. काकांकडे शेठ लोक यायचे ते त्यांच्या हातासाठी यायचे, त्याहून जास्त त्यांच्या तोंडासाठी. हे तोंड उघडत नाही, असा त्यांचा लौकिक होता. तीस वर्षांत काकांनी एवढीच गोष्ट जमवली होती.

अशा घरात शरद जन्मला आणि त्याने ठरवलं की आपण दाखवायचं शास्त्र शिकायचं. आधी वडोदऱ्याला चित्रकलेचा इतिहास शिकला. मग चौऱ्याण्णव साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला, कलासमीक्षा आणि क्युरेटिंग असा एक वर्षाचा अभ्यासक्रम. मी विचारलं, क्युरेटिंग म्हणजे काय? म्हणाला, कोणती चित्रं निवडायची, कशी मांडायची, शेजारी काय लिहायचं. मी म्हटलं, आमच्या शाळेच्या प्रदर्शनात हे काम शिपाई करतो. तो हसला. तो रागवायचा नाही, हाही त्याचा एक दोषच. काकांनी विचारलं तेव्हा त्याने अर्धा तास समजावलं. काका ऐकून म्हणाले, “माले त्यान्हामा काय समजत नही, पन तू जाय.” मला त्यातलं काही कळत नाही, पण तू जा. मी त्याच्या बॅगेची यादी केली. सदतीस वस्तू. त्यातली लोकरीची मफलर तो विमानतळावर विसरला.

तो गेला आणि दहा दिवसांत सुरतेत प्लेगची बातमी फुटली. आम्ही इथे तोंडाला रुमाल बांधून फिरत होतो आणि अर्धं शहर गावाकडे पळालं होतं. तिकडे शरदच्या वर्गात सगळे आपापलं शहर सांगत होते. त्याने सुरत म्हटल्यावर एका मुलीने उठून खिडकी उघडली. घरमालकीण आठ दिवस त्याचं ताट दाराबाहेर ठेवत होती. विद्यापीठाने त्याला दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ठणठणीत, तरी मार्गदर्शक बाई त्याच्याशी टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून बोलत. हे त्याने पत्रात लिहिलं तेव्हा मला इतका संताप आला की मी त्या विद्यापीठाला चार मुद्द्यांचं पत्र लिहून काढलं. पाकीट बंद करणार तोच त्याचं दुसरं पत्र आलं. त्याने त्या ताटावर निबंध लिहिला होता आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. आनंदाने लिहिलं होतं, सगळ्यांना फार भावला. म्हणजे ज्यांनी ताट बाहेर ठेवलं, त्यांनाच ते सजवून परत वाढलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं पत्र मी फाडलं.

त्या बाईंबद्दल मला आजही आदर नाही. शरदला लिहायचं होतं युरोपातल्या जुन्या चित्रांतल्या फळांवर आणि भांड्यांवर. दोन महिने तो संग्रहालयात जाऊन एकाच लिंबाच्या चित्रासमोर उभा राहत होता. बाई म्हणाल्या, त्यावर लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, तू तुझ्या सुरतेचं काहीतरी आण. इंग्रज मुलाने जपानवर लिहिलं तर चालत होतं, जर्मन मुलगी आफ्रिकेवर लिहीत होती, फक्त आमच्या मुलाने घरून डबा आणायचा. त्याने मुकाट्याने मान्य केलं. पदवीसाठी शेवटी एक प्रदर्शन स्वतः मांडावं लागे आणि त्यावर प्रबंध लिहावा लागे. त्याने ठरवलं, वडिलांचे नक्षे मांडायचे. सुरतेतच, लोकांत.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तो आला. पर्वत पाटियाच्या बाजूला आमच्या समाजाची वाडी आहे, लग्नांचा हॉल. लग्नसराई उतरली होती, चार दिवस मिळाला. व्यवस्था माझ्याकडे. मी वहीत तीन रकाने आखले: काम, कोण करणार, कधीपर्यंत. शरदच्या नावापुढच्या एकाही कामावर वेळेत खूण झाली नाही. त्याला भिंती पांढऱ्या हव्या होत्या, म्हणून सगळा हॉल चुन्याने रंगवून घेतला. चुना ओला असतानाच पाहुणे आले आणि बायकांच्या साड्यांना लागला. समोरच्या बत्तीस हातांच्या भिंतीवर त्याने चारच कागद लावले. मी म्हटलं, उरलेली भिंत काय करायची? म्हणाला, ताई, रिकामी जागा बोलते. समाजाचे अध्यक्ष येऊन पाहून गेले आणि मला बाजूला घेऊन विचारू लागले की बाकीचा माल अजून यायचा आहे का.

नक्षे एकूण एकतीस. बरेचसे काकांच्या पत्र्याच्या पेटीतले, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, ज्यांच्या साड्यांची आता पोतेरी झाली असतील. ते दाखवण्यात कोणाचं काही जाणार नव्हतं. तेवीस नंबरचा मात्र वेगळा होता. उंच कागद, केळीच्या पानांचा पदर, पानाच्या शिरा एकेका धाग्याने फुटलेल्या. काकांच्या हातचं इतकं सुंदर काम मी पाहिलं नव्हतं. कागद कोरा करकरीत होता. यादी करताना मी विचारलं, हा कुठून आणला? शरद म्हणाला, समोरच्या भिंतीला उंच काहीतरी हवं होतं. एवढंच. मी नंबर टाकला आणि पुढे गेले.

माझा खटका उडाला तो पाट्यांवरून. चित्राशेजारी लावायच्या पाट्या शरदने स्वतः लिहिल्या होत्या. मी आदल्या दिवशी संध्याकाळी वाचायला घेतल्या. पहिलीवर, ‘अनामिक. सुरत.’ दुसरीवर, ‘अनामिक. सुरत.’ एकतीसच्या एकतीस. ज्या माणसाने चौकटी भरून याला वाढवलं, ज्याच्या मांड्यांना त्या बैठकीने घट्टे पडले, तो अनामिक. मी त्याला विचारलं तेव्हा त्याने मला व्याख्यानच दिलं. नाव नसणं हाच प्रबंधाचा मुद्दा आहे, एकट्या कलावंताची कल्पना पश्चिमेची आहे, इथे काम सगळ्यांचं असतं... मी म्हटलं, सगळ्यांचं असतं तर घट्टे एकट्याच्या पायाला का? त्याने पाट्या माझ्या हातातून घेतल्या. मग म्हणाला, “ताई, तू यात पडू नको. पाट्या आहेत तशा राहू दे.” त्या आवाजात मला त्या बाई ऐकू आल्या, टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या.

त्याच पाट्यांवर आणखी काय लिहिलं होतं तेही सांगते, म्हणजे माझा राग उगाच नव्हता हे कळेल. जुन्या नक्ष्यांवर प्रत्येक ओळीच्या टोकाला पेन्सिलीची बारीक खूण असते. शरदने लिहिलं होतं की या खुणांत कलावंताच्या श्वासाची लय उमटली आहे. त्याच संध्याकाळी, पाट्या लागत असताना, कतारगामहून एक म्हातारा पंचवाला आला. त्याने शेजारच्याकडून ती पाटी मोठ्याने वाचून घेतली आणि खूप वेळ हसला. म्हणाला, “भाऊ, ह्या खुना मीच केल्यात. ओळ पंच झाली की खून मारायची, नाहीतर डबल पंच होते.” वडिलांच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला हे माहीत नसेल? असणारच. पण तिकडे एक वर्ष राहून आला आणि जे माहीत होतं तेही विसरला. वर त्या म्हाताऱ्याला मिठी मारली आणि त्याचं वाक्य प्रबंधात टाकलं.

तर मी काय केलं? प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला गेले, त्याच्या एकतीस पाट्या काढल्या आणि माझ्या लावल्या. घरी बसून, ठळक अक्षरात लिहिल्या होत्या. क्रमांक, नक्ष्याचं नाव, काकांचं पूर्ण नाव, पार्टी, साल. पार्टीचं नाव कागदामागच्या खुणेवरून काढावं लागलं. लहानपणी काकांनीच मला त्या खुणा शिकवल्या होत्या, आणि त्या अजून लक्षात आहेत याचा मला अभिमान वाटला. एकाही नक्ष्याचा रकाना मी रिकामा सोडला नाही. तेवीस नंबरवर शेठच्या दुकानाचं नाव लिहिलं आणि सालाच्या जागी, कागद नवा होता म्हणून, ‘चालू’.

शरद नऊला आला. पाट्या पाहून त्याचा चेहरा उतरला. तोवर लोक येऊ लागले होते. मार्केटमधले दोन-चार व्यापारी, समाजाची मंडळी, वडोदऱ्याहून आलेले परीक्षक. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, काढ त्या. मी म्हटलं, बापाचं नाव लिहायची लाज वाटते का? हे मी हळू म्हटलं नाही. लोकांनी वळून पाहिलं. तो म्हणाला, “ताई, ऐक माझं. तेवीस नंबरची तरी काढ.” म्हणजे सगळ्यांत चांगल्या कामावर नाव नको. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी त्या पाटीसमोर जाऊन उभी राहिले आणि दुपारपर्यंत तिथेच पाहुण्यांना माहिती सांगत राहिले. हे काकांचं काम, ही त्यांची पार्टी, हा आता मागावर चढणार आहे. एकाने फोटो काढला, त्याला मी उजेड पडावा म्हणून बाजूला सरून जागा दिली. दुपारी जेवायला गेले तेवढ्यात शरदने ती एक पाटी फाडून टाकली होती. काका संध्याकाळी आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. एकेका कागदासमोर थांबले, नाव वाचलं, पुढे सरकले. तेवीस नंबरसमोर आले तेव्हा पाटी नव्हती, चार टाचण्या होत्या.

तीन आठवड्यांत केळीचं पान मार्केटमध्ये आलं. दुसऱ्याच दुकानात, हलक्या सुतात, शिरा जाड केलेल्या. शेठ काकांकडे स्वतः आले. ओरडले नाहीत. चहा घेतला, शरदच्या शिक्षणाची चौकशी केली, आणि उठताना म्हणाले, “काका, काम तमारुं सारुं छे, पण हवे नहीं फावे.” काम तुमचं चांगलं आहे, पण यापुढे जमायचं नाही. मग दुसरी पार्टी गेली, मग तिसरी. मार्केटमध्ये एक वाक्य फिरलं की म्हातारा आता दाखवतो. सहा महिन्यांत काका दुसऱ्यांच्या नक्ष्यांची कार्डं पंच करायला जाऊ लागले. स्वतः चौकटी भरणारा माणूस दुसऱ्याच्या चौकटी मोजून ओळीला खुणा मारू लागला. आणि त्याच सुमारास इंग्लंडहून पत्र आलं: शरद विशेष श्रेणीत उत्तीर्ण.

चालू नक्षा काकांच्या गठ्ठ्यातून शरदने उचलला, हे मी सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही, कुजबुजलेही नाही. भिंतीला उंच कागद हवा म्हणून याने बापाचा शब्द टांगला, असं लग्नाकार्यात, बारशांत, भेटेल त्याला सांगितलं. इंग्लंडला प्रबंध देऊन शरद परत आल्यावर त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, हो ताई, चुकलंच. एवढंच. त्या वर्षी भाऊबीजेला आला, पाटावर बसला, मी ताट आणलं नाही. थोडा वेळ बसला... मग उठून चहा प्यायला, पोरांना खाऊ दिला आणि गेला. पुढच्या वर्षी काकांकडे येऊन गेला, माझ्याकडे आला नाही. त्यानंतर मी त्याला तीनदा पाहिलं. वडोदऱ्यात तो भाषणं करी, वर्तमानपत्रात लिही, दर लेखात ‘अवकाश’ आणि ‘संहिता’. मी ते लेख कापून ठेवत असे. चुकीच्या शब्दांखाली लाल रेघा मारत असे.

शोकसभेहून त्याच्या दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी घेऊन मी काकांकडे गेले. सामानाची यादी त्यांना वाचून दाखवली. शर्ट सात, पुस्तकं एकशे बारा, प्रबंधाच्या तीन प्रती. प्रबंधाचं नाव वाचताना मला राहवलं नाही. म्हटलं, याच्यासाठी तुमचा केळीचा नक्षा चोरला त्याने. काका कार्डं ओवत होते. त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

“बाई, त्यानी चोरं नही,” ते म्हणाले. “मीच दिधं व्हतं.”

त्याने चोरला नाही, मीच दिला होता. मग सावकाश सगळं सांगितलं. पोराला मोठ्या भिंतीसाठी उंच कागद हवा होता, परीक्षा होती, आणि काकांनाही वाटलं की जन्मात एकदा आपलं सगळ्यांत चांगलं काम लोकांनी उभं राहून पाहावं. शेठला कळलं तर शब्द जाणार हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मुलाला अट घातली: नाव लावायचं नाही, पार्टी लिहायची नाही, एकतीसांत एक म्हणून तो खपून जाईल. एकावर नाव नाही आणि बाकीच्यांवर आहे असं दिसलं तर लोक विचारतील, म्हणून कोणावरच नको. ‘अनामिक’ हा शब्द तेवढा शरदचा. परीक्षकांना आणि मला सांगायला त्याने मागाहून व्याख्यान तयार केलं. ते त्याला चांगलं जमत असे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. “तुले सांगं असतं तर तू लिखी ठेवती.”

ते खरं होतं. मी लिहून ठेवलं असतं. रकान्यात, कारणासह.

मग मी म्हटलं, त्या पाट्या माझ्या होत्या, शरदच्या नव्हत्या. काका म्हणाले, माहीत आहे, “तुनं अक्षर माले वळखू येस.” त्याच संध्याकाळी ओळखलं होतं. शरदने त्यांना हात जोडून सांगितलं होतं की ताईला काही बोलू नका, तिने तुमच्या नावासाठीच केलं. आणि दोघांनी चार वर्षं मला काहीही बोलू दिलं... म्हणजे मी बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले. एका अक्षरानेही मला अडवलं नाही.

या लेखात मी शरदबद्दल जे जे लिहिलं आहे त्यातलं बहुतेक तसंच ठेवते. त्याचा तो अभ्यासक्रम मला अजूनही फोलच वाटतो. त्या बाई, ती झोळीवाली मंडळी, ती रिकामी बोलणारी भिंत, यांतल्या कशाबद्दलही माझं मत बदललेलं नाही. पंचवाल्याच्या खुणांना श्वासाची लय म्हणणारा माणूस शहाणा नव्हता. पण चोर नव्हता. काकांचा शब्द मोडला तो मी. ठळक अक्षरात, एकही रकाना रिकामा न सोडता, आणि फोटो नीट यावा म्हणून बाजूला सरून. मला जो तिरस्कार वाटत होता त्याचा पत्ताच चुकला होता, आणि पत्ते चुकू नयेत याच कामाचा मी बावीस वर्षं पगार घेते.

संपादकांना हो म्हटलं ते यासाठी. पण लेख सगळे वाचत नाहीत. म्हणून ज्यांना ज्यांना मी शरदने नक्षा चोरला असं सांगितलं होतं त्यांची नावं आठवून काढली. त्रेसष्ट झाली. रविवारी चार-पाच घरी जाते आणि सांगते की चूक माझी होती. लोकांना हे आवडत नाही. एक मावशी म्हणाल्या, जाऊ दे गं, गेला बिचारा, आता कशाला? पण उचलला तर होताच ना त्याने? मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मी दारात चप्पल घालत होते तेव्हा सुनेला म्हणाल्या, भावावर माया आहे हो तिची, म्हणून झाकते. शेठकडेही गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, बहेन, ती डिझाइन बाजारात चाललीच नाही, ज्यांनी नक्कल केली त्यांची पण नाही. काकांना हे मी सांगितलेलं नाही. माझ्या वहीतही त्याची नोंद नाही.

शरदचा फोटो काकांनी पुढच्या खोलीत लावला आहे, स्वतःच खिळा ठोकून. जमिनीपासून हातभर उंचीवर. येणारा प्रत्येक जण सांगतो की गेलेल्या माणसाचा फोटो असा खाली नसतो, वर लावा, दाराच्या वर. समाजाच्या अध्यक्षांनी तर स्टूल मागितलं. काकांनी दिलं नाही. शरदने त्यांना एकदा पत्रात लिहिलं होतं म्हणे, की चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावं असं लावतात. आणि या खोलीत दिवसभर पाहणारा माणूस मांडी घालून फळीपाशी कार्डं ओवत बसलेला असतो. मी गेले की काका कोपऱ्यातली खुर्ची पुढे करतात. खुर्चीवरून फोटोची काच चमकते, तोंड दिसत नाही. मी पर्स बाजूला ठेवते आणि खाली बसते.